वाक्याच्या शेवटी येणारं ‘नाही’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तो वहीत उतरवून घेतला, कारण निम्मं उत्तर तुम्ही दिलेल्या तपशिलांतच आहे. तुम्ही ऐरोलीला राहता. बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त. वर्षभरापासून बोललेलं त्यांना अर्धवट कळतं. रात्री तुम्ही सांगितलंत, “बाबा, उद्या सकाळी साडेदहाला डॉक्टरांकडे जायचं नाहीये,” आणि सकाळी दहा वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार. वाक्य लांबलं की सुरुवात विसरतात. तुमचं बोलणं मध्येच पुरं करतात, तेही चुकीचं. ठाणे स्टेशनवर घोषणा झाली की तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. पण रात्रीच्या बातम्या त्यांना नीट कळतात आणि तरुणपणी ऐकलेली नाट्यपदं शब्दन् शब्द पाठ आहेत. भाऊ म्हणतो, हा स्मृतिभ्रंश. तुमचं विचारणं असं, की स्मरणशक्ती गेली की कान गेले, आणि तोवर घरात बोलायचं कसं?

मी ठाण्यात, नौपाड्यात सव्वीस वर्षं वाचा-श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. अशा घरांतून आलेली माणसं मी आठवड्याला चार-पाच तरी बघते. तरीही बाबांना समोर बसवल्याशिवाय त्यांना काय झालंय हे मी सांगणार नाही, कुणीच सांगू नये. काय घडत असू शकतं आणि ते कसं ओळखायचं, हे मात्र सविस्तर सांगता येईल.

आधी प्रश्नच जरा वेगळा मांडू. ‘स्मरणशक्ती की कान’ अशी विभागणी केली की तिसरा गडी सुटतो, तो म्हणजे अंदाज. बोलणं समजून घेताना तिघं एकदम राबत असतात. कान आवाज आत आणतो. तात्पुरती स्मृती तो आवाज अर्थ लागेपर्यंत धरून ठेवते. आणि पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधत असतो, म्हणून प्रत्येक अक्षर निवडून ऐकावं लागत नाही. यांतला एक थकला की त्याचं ओझं बाकीच्या दोघांवर पडतं आणि चूक भलत्याच ठिकाणी दिसते. घरच्यांना दिसतो तो विसरभोळेपणा, पण त्याची सुरुवात कानात झालेली असू शकते. उलटही होतं. म्हणून चूक कुठे दिसते यापेक्षा ती कुठून निघाली हे शोधायचं.

अंदाजाची ताकद किती असते हे कळायला ठाणे स्टेशनच पुरे. रोज प्रवास करणारा माणूस त्या गोंगाटात घोषणा कशी ऐकतो? तो ती पूर्ण ऐकतच नाही. घोषणेचा साचा त्याला पाठ असतो: कितव्या प्लॅटफॉर्मवर, किती वाजून किती मिनिटांची, कुठे जाणारी, जलद की धीमी. साच्यातले शब्द गाडीच्या आवाजात बुडाले तरी बिघडत नाही, ते मनात आपोआप भरले जातात. कान टवकारायचे ते फक्त रिकाम्या जागांपाशी. गंमत अशी की जी माहिती हवी असते ती सगळी त्या रिकाम्या जागांमध्येच असते, आणि तिथे अंदाज उपयोगाचा नसतो. पाच नंबर की सहा, जलद की धीमी, हे कानानंच आणावं लागतं. बाबा नेमके तिथे अडत असतील तर ती खूण कानाकडे बोट दाखवते.

आपण न ऐकलेलंही ऐकतो, हे प्रयोगानं सिद्ध झालं आहे. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज काढून त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्या २० जणांपैकी १९ जणांना शब्दात काही गाळलंय असं वाटलंच नाही. त्यांना तो शब्द अख्खा ऐकू आला होता. खोकला नेमका कुठे होता हेही त्यांना धड सांगता येईना. हे सगळं नीट कान असलेल्या माणसांचं.

आता स्मृतीकडे वळते, कारण तुमचं ‘जायचं नाहीये’ तिथेच अडकलंय.

वाचताना डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही, बोललेलं हवेत विरून जातं. त्यामुळे आलेला आवाज लगेच शब्दांत, शब्द अर्थात बांधून बाजूला ठेवावे लागतात, नाहीतर पुढचा आवाज त्यावर येऊन पडतो. ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की मनातल्या मनात घोळवत जसंच्या तसं धरून ठेवता येतं ते साधारण दोन सेकंदांत बोलून होईल इतकंच. किती गोष्टी एका वेळी धरता येतात याचा जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलेला ‘सात, दोन कमी-जास्त’ हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. पुढे नेल्सन काउअन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. एकूण काय, जागा फार थोडी आहे, तुमचीही आणि माझीही. आपलं निभावतं ते गाठोडी बांधण्यामुळे. ‘उद्या सकाळी साडेदहाला’ हे तीन शब्द आपण एकच गाठोडं म्हणून ठेवतो.

गाठोडं बांधलं की मूळ शब्द टाकून दिले जातात. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये हे तपासलं. ऐकलेल्या वाक्यानंतर जेमतेम ८० अक्षरांचा मजकूर मध्ये गेला, की वाक्याची रचना बदललेली लोकांच्या लक्षात येईना, पण अर्थ बदलला तर लगेच येई. म्हणून “मी काय म्हणाले ते शब्दशः सांगा” ही बाबांची परीक्षा घेऊ नका. त्यात आपण सगळेच नापास होऊ.

तुमचं वाक्य आता मोजून बघू. ‘उद्या सकाळी साडेदहाला डॉक्टरांकडे जायचं नाहीये.’ वीसेक अक्षरं, म्हणजे नेहमीच्या बोलण्यात सुमारे चार सेकंद. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही नंतर. उद्या, सकाळ, वेळ, डॉक्टर, जाणं, एवढं सगळं ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहतं, चित्र पुरं होतं. आणि मग ते पुसायला येतं ‘नाहीये’. तोपर्यंत आपला आवाज उतरलेला असतो, कारण वाक्य संपताना आपण श्वास सोडतो आणि सूर खाली नेतो. घाईत त्याचं ‘नाये’ होतं. शिवाय आपण बोलता बोलता स्वयंपाकघराकडे वळलेलो असतो. चार सेकंदांचं वाक्य आणि त्याचा सगळा अर्थ शेवटच्या अर्ध्या सेकंदावर, तोही सर्वांत हळू आवाजात बोललेला. ‘ध’चा ‘मा’ व्हायला याहून सोयीची जागा नाही. बाबा शर्ट घालून बसले, कारण त्यांनी वाक्याचा मोठा भाग ऐकला आणि उरलेला रोजच्या अनुभवावरून पुरा केला. डॉक्टर, सकाळ, साडेदहा म्हटल्यावर पुढे ‘जायचं आहे’ हेच बहुतेक वेळा येतं.

याचा अर्थ मराठी ऐकायला अवघड आहे असा मुळीच नाही. क्रियापद उशिरा देणारी भाषा वाटेत भरपूर खुणा पेरते. ‘मला’ ऐकलं की पुढे हवं, आवडतं, कळत नाही, भूक लागली असलं काहीतरी येणार हे आपल्याला ठाऊक असतं. ‘आईनं बाळाला’ एवढ्यावर भरवलं, झोपवलं, उचललं अशा मोजक्या शक्यता उरतात. ‘माझी नवी’ म्हटल्याबरोबर चष्मा आणि घड्याळ बाद होतात, छत्री राहते. ‘जर’ आला की ‘तर’ येईपर्यंत आपण एक दार उघडं ठेवतो. एवढ्याशा ‘ला’, ‘नं’ आणि ‘ई’कारावर मेंदू केवढं बांधकाम करतो!

हे डोळ्यांच्या हालचालींवरून मोजता येतं. गेरी ऑल्टमन आणि युकी कामिदे यांनी १९९९ मध्ये लोकांना एक चित्र दाखवलं. त्यात मुलगा, केक आणि काही खेळणी होती. इंग्रजीत क्रियापद आधी येतं. ‘खाईल’ या अर्थाचा शब्द कानावर पडताच, ‘केक’ हा शब्द उच्चारला जाण्याआधीच ऐकणाऱ्यांची नजर केककडे वळली. मग शेवटी क्रियापद येणाऱ्या भाषेत काय? कामिदे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते जपानीत पाहिलं. ‘वेट्रेसनं गिऱ्हाइकाला’ या थाटाचे दोन शब्द आले, की क्रियापदाची वाट न बघता नजर खाण्याच्या पदार्थाकडे गेली. जपानीतही आपल्यासारखेच प्रत्यय लागतात. आपल्या शेजारच्या हिंदीतला एक अभ्यास २०१२ चा आहे, रमेश मिश्रा आणि सहकाऱ्यांचा. विशेषणाच्या लिंगावरून पुढचं नाम ओळखून नजर आधीच वळते का, हे त्यांनी तपासलं. चांगलं शिकलेल्यांची नजर आधी वळली, फारसं न शिकलेल्यांची तो शब्द ऐकल्यावर. अंदाज हा वाचनानं आणि सवयीनं तयार होणारा हात आहे, हे मला त्या अभ्यासातून लख्ख दिसलं. म्हणून तपासणीत मी माणसाचं शिक्षण, वाचन आणि घरची बोली आधी विचारते. मालवणी किंवा आगरी बोलत वाढलेल्या आजोबांना पुस्तकी मराठीतली वाक्यं ऐकवून ‘कमी गुण’ देणं म्हणजे अन्याय आहे.

अंदाज चुकला तर मेंदूला तो ठेचकाळल्यासारखा जाणवतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ‘गरम पावाला त्यानं मोजे लावले’ अशा धर्तीची वाक्यं शब्दाशब्दानं वाचायला दिली. तो विचित्र शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये एक ठळक लहर उमटली. अंदाज नेमका किती खोलवर जातो, म्हणजे पुढच्या शब्दाचा अर्थच तयार ठेवला जातो की त्याचा उच्चारसुद्धा, यावर अजून वाद आहे. २००५ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासानं उच्चारापर्यंत जातो असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून ३३४ जणांवर तो पुन्हा केला, तेव्हा त्यातला तो भाग तसा सापडला नाही. माझ्या कामाला मात्र अर्थाचा अंदाज पुरतो, आणि तो असतो याबद्दल शंका नाही.

आता बाबांचं कोडं जुळवू.

वयाबरोबर कान उतरतात तेव्हा आवाज सरसकट बारीक होत नाही. आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, त, थ, च, फ यांची ओळख तिथेच असते. स्वर राहतात, व्यंजनं विरतात. म्हणून ही माणसं “ऐकू येतंय रे, पण तुम्ही पुटपुटता” असं म्हणतात. ते खरंच सांगत असतात, त्यावर चिडू नका. अशा कानानं ‘साडेदहा’ आणि ‘साडेसहा’ वेगळं काढायला मेंदूला अंदाजाची आणि संदर्भाची सगळी शिल्लक खर्च करावी लागते. मग त्या छोट्या तात्पुरत्या जागेत काय उरणार?

यावरचा पॅट्रिक रॅबिट यांचा १९६८ मधला प्रयोग मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. लोकांना अंकांची यादी ऐकवली. पहिला अर्धा भाग स्वच्छ, दुसरा अर्धा गोंगाटात. गोंगाटातले अंक कळत होते, तरी आधीच्या, स्वच्छ ऐकलेल्या अंकांची आठवण कमी झाली. म्हणजे पुढचं ऐकायला कष्ट पडले म्हणून मागचं निसटलं. ‘वाक्य लांबलं की सुरुवात विसरतात’ हे तुम्ही लिहिलंत, ते नेमकं असंच दिसतं. घरच्यांना वाटतं स्मरणशक्ती गेली. प्रत्यक्षात स्मृतीचा हात दुसऱ्याच कामाला जुंपलेला असतो.

तुमचं वाक्य ते मध्येच पुरं करतात, त्यालाही हेच कारण असू शकतं. वाक्य पुरं केलं की धरून ठेवायचं ओझं उतरतं. उद्धटपणा म्हणून ते घेऊ नका. आणि ते चुकीचं पुरं करतात, तेही ठामपणे, याचाही अभ्यास झालेला आहे. रॉजर्स, जेकोबी आणि सॉमर्स यांनी २०१२ मध्ये दाखवलं की संदर्भ दिशाभूल करणारा असला तर ज्येष्ठ माणसं तरुणांपेक्षा जास्त वेळा संदर्भातला शब्द ‘ऐकतात’, आणि आपण बरोबर ऐकलं याची त्यांना जास्त खात्रीही असते. “तू जायचंय असंच म्हणालीस” हे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच ऐकू आलेलं असतं. या एका गोष्टीवरून मी घराघरांत किती कडवटपणा साचलेला पाहिलाय, म्हणून जरा लांबण लावली.

बातम्या का कळतात? निवेदक समोर बघून, स्पष्ट बोलतो, एका वेळी एकच माणूस, खाली विषयाची पट्टी, बाजूला चित्र, आणि उत्तर द्यायचं नसतं. अंदाजाला याहून मोठा आधार नाही. पाठ असलेली पदं तर आणखी वेगळी, तिथे पुढचा शब्द आपोआप येतो. भावाला सांगा, पदं आठवतात म्हणून स्मृतिभ्रंश नाही असं ठरत नाही. जुनं पाठांतर आजारातही बराच काळ टिकतं. तसंच बोलणं अर्धवट कळतं म्हणून स्मृतिभ्रंश आहे असंही ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? माझ्याकडे मी जे करते त्याची घरगुती आवृत्ती सांगते. ती तपासणीची जागा घेत नाही, पण डॉक्टरांना सांगायला नेमकं काही हाती येतं. टीव्ही आणि पंखा बंद. बाबांच्या मागे, तीनेक फुटांवर उभ्या राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. नेहमीच्या आवाजात छोटी वाक्यं म्हणा आणि त्यांना ती परत म्हणायला सांगा. काही सहज ओळखू येणारी, ‘पाऊस आलाय, छत्री घे’ अशी. काही अंदाज न लागणारी, ‘ती छत्रीबद्दल विचारत होती’ अशी. पहिली जमतात, दुसरी चुकतात, आणि चुकीचा शब्द बरोबर शब्दाच्या उच्चाराजवळचा आहे (छत्रीऐवजी खात्री), असं असेल तर कानाचा संशय बळावतो. तीच वाक्यं समोर बसून, ओठ दिसतील असं म्हटल्यावर सुधारली तर आणखी बळावतो.

मग खरी कसोटी. एक निरोप कागदावर लिहून द्या: ‘शुक्रवारी दुपारी मावशी येणार आहे, तिची औषधं आणायची आहेत.’ त्यांना मोठ्यानं वाचू द्या, कागद काढून घ्या, आणि वीस मिनिटांनी गप्पांच्या ओघात विचारा. लिहिलेलं टिकतंय आणि बोललेलं टिकत नाही, तर आधी कान तपासा. लिहिलेलंही टिकत नसेल, निरोप आला होता हेच आठवत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका. तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे व्यवहार गोंधळणं, रोजच्या वस्तूंची नावं न सुचणं, यांनाही तोच नियम. आणि बोलणं कळेनासं होणं किंवा शब्द वेडेवाकडे येणं हे अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत झालं, तर हे सगळं वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर.

दोन्ही एकत्र असू शकतात हेही सांगायला हवं. ऐकू कमी येणं ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक मानली जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. श्रवणयंत्रं आणि मार्गदर्शन मिळालेल्यांमध्ये सरसकट फरक दिसला नाही, पण आधीपासून जास्त जोखीम असलेल्या गटात बुद्धीची घसरण सुमारे निम्म्यानं मंदावली. म्हणून मी कुणालाही ‘यंत्र लावा, स्मृतिभ्रंश टळेल’ असं सांगत नाही. यंत्र लावा म्हणते ते माणूस पुन्हा गप्पांमध्ये येतो म्हणून.

पहिली पायरी अगदी साधी असते. कानात मळ आहे का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांची दोन तास भाषेची चाचणी मी घेतली होती आणि नंतर दोन्ही कान मळानं बंद निघाले. त्या कुटुंबाची घालवलेली दुपार मी विसरलेले नाही. तेव्हापासून कान पाहिल्याशिवाय मी एकही वाक्य ऐकवत नाही. त्यानंतर ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं याचा आलेख, करून घ्या, आणि नुसत्या शिट्ट्यांचा नको, मराठी शब्द ओळखण्याची चाचणीही मागा. जमलं तर गोंगाटातली चाचणीसुद्धा. ठाणे-वाशीत खासगी ठिकाणं आहेत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही हे सगळं होतं. औषधं, झोप, उदासी, थायरॉइड, बी १२ यांचाही परिणाम होतो, ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर सोपवा.

आता घरात बोलायचं कसं, यासाठी उद्यापासून काय बदलता येईल ते सांगते.

ओरडू नका. उतरलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, मधली पट्टी अरुंद झालेली असते. शिवाय ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तशीच दबलेली राहतात. बाबांच्या समोर, उजेडात या, नेहमीच्या आवाजात बोला. कुकरची शिट्टी, मिक्सर, एक्झॉस्ट सुरू असताना स्वयंपाकघरातून निरोप देऊ नका. पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळत असेल तर थांबा. हळू बोला म्हणजे शब्द रबरासारखे ताणा असं नाही. शब्द नेहमीच्याच गतीनं, पण वाक्याच्या सांध्यावर श्वासभर थांबा. ‘उद्या सकाळी’, थांबा, ‘डॉक्टरांकडे’, थांबा. त्या थांब्यात गाठोडं बांधलं जातं.

विषय आधी सांगा. “बाबा, डॉक्टरांबद्दल सांगायचंय.” एवढ्यानं त्यांचा अंदाज योग्य गल्लीत शिरतो. मग नकार शेवटपर्यंत राखून ठेवू नका. आपल्या भाषेत त्याची सोय आहे: “उद्याची भेट रद्द झाली. आता पुढच्या सोमवारी.” ‘रद्द’ हा शब्द तोंडात भरतो, ‘नाहीये’सारखा विरत नाही. “उद्या घरीच राहायचं” हे “उद्या जायचं नाही”पेक्षा किती तरी सुरक्षित, कारण त्याचा शेवट कानावरून गेला तरी अर्थ उलटत नाही.

आकडे वेगळ्या काळजीनं सांगा, कारण तिथे अंदाज मदत करत नाही. मराठीतले आकडे एकमेकांच्या फार जवळ बसतात: बावीस-बत्तीस, त्रेसष्ट-त्रेपन्न, एकोणसत्तर-एकोणऐंशी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात मी शिरत नाही. पण गोंगाटात आजोबांना औषधाची वेळ किंवा मोबाइल क्रमांक सांगताना एकेक अंक सुटा सांगा, आणि मग लिहून द्या. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत मी फ्रीजवर एक पांढरी पाटी लावायला सांगते. तिच्यावर उद्याच्या दिवसाच्या दोन ओळी लिहायच्या.

आणि “कळलं का?” विचारणं सोडा. त्याला उत्तर एकच येतं, “हो हो.” कळलं नाही हे कबूल करायला कुणालाच आवडत नाही, आणि बाबांना तर ठामपणे चुकीचंच ऐकू आलेलं असू शकतं. त्याऐवजी विचारा, “मग उद्याचं काय ठरलं आपलं?” चुकलं तर तेच वाक्य चढत्या आवाजात पुन्हा म्हणू नका. एकदा तसंच म्हणा, तरी नाही जमलं तर शब्द बदला, म्हणजे अंदाजाला नवी खूण मिळते. घरात चौघं एकदम बोलत असाल तर विषय बदलताना बाबांना एक शब्द सांगा: “आता लग्नाचं चाललंय.” कळव्याच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या सुनेनं एवढंच सुरू केलं होतं. महिनाभरानं आजी जेवणाच्या टेबलावर परत यायला लागल्या. त्याआधी त्या ताट घेऊन खोलीत जात असत.

श्रवणयंत्र लागलंच तर घाईनं निकाल लावू नका. वर्षानुवर्षं अर्धवट आवाजावर अंदाज बांधायची सवय झालेल्या मेंदूला पहिले काही आठवडे सगळाच गलबला वाटतो. पंखा, पिशवीची खसखस, स्वतःचं चावणं. दिवसाला थोडे तास, शांत खोलीत, एका माणसाशी बोलण्यापासून सुरुवात करा. ठाणे स्टेशन सर्वांत शेवटी. यंत्रं कपाटात जाऊन पडतात ती बहुतेक पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या हॉलमध्ये नेल्यामुळे.

भावाला घेऊन याल तर उत्तम, कारण दोघांच्या निरीक्षणात फरक असतो आणि तो उपयोगी पडतो. येताना आठवडाभराची एक वही आणा: काय म्हणालात, बाबांनी काय ऐकलं, तेव्हा खोलीत काय आवाज होता, ते समोर होते की पाठमोरे. चुकांच्या शेजारी जमलेलंही लिहा. आणि दवाखान्यात मी प्रश्न विचारेन तेव्हा त्यांच्या आधी उत्तर देऊ नका. ते थांबले तर थांबू द्या. त्या थांबण्यात ते काय करतात, तेच मला बघायचं असतं.